पीसीसीचं ‘खरं’ स्टेटस आणि फॉरवर्डमधल्या थापा

परदेशातली नोकरी, लांब मुदतीचा व्हिसा किंवा कायमचा रहिवास यांसाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, काढायला निघालेल्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो. दर वेळी दोनचार ओळी बदललेल्या असतात, गाभा तोच. सरकारी साइटवरचं स्टेटस फसवं असतं; ‘अंडर रिव्ह्यू’ आठवडाभर हललं नाही तर पोलिसांनी उलटा रिपोर्ट दिला असं समजा; खरं स्टेटस खालच्या लिंकवर नाव आणि मोबाइल टाकून दिसतं; ठाण्यात ‘सेटिंग’ केल्याशिवाय फाइल सुटत नाही; घाई असेल तर तत्काळमध्ये काढा, नाहीतर राज्य पोलिसांचा दाखला घ्या, तोही चालतो; जुनी केस फॉर्मवर लिहूच नका. शेवटी ‘आपल्या माणसांपर्यंत पोचवा’.

आपल्या माणसांपर्यंत पोचवायचंच असेल तर खालचं पोचवा.

पहिली थाप: कुठलाही दाखला चालतो

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून आधी हेच. महाराष्ट्रात ‘पोलिसांचा दाखला’ या एका नावाखाली दोन वेगळी कागदपत्रं मिळतात. एक राज्य पोलिसांची चारित्र्य पडताळणी. सुरक्षारक्षक, ड्रायव्हर, खासगी कंपनीतली नोकरी अशा कामांसाठी ती लागते. अर्ज राज्याच्या पोर्टलवर होतो, तिथला अर्ज क्रमांक वेगळा आणि दाखला पोलीस आयुक्तालयाचा किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाचा. दुसरी पासपोर्ट कार्यालयाची पीसीसी. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा यंत्रणेतून निघते, शुल्क ५०० रुपये, आणि देतं ते प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर, गोव्यात पणजी.

दोन्हींच्या मागे पोलीस ठाण्यातली नोंदच तपासली जाते हे खरं. पण परदेशी इमिग्रेशन खात्यांना सहसा दुसरी लागते. पहिली जोडली की अर्ज अपुरा ठरतो आणि व्हिसाची तारीख हुकते. उलटही होतं. सोसायटीच्या रखवालदाराला कुणीतरी पासपोर्टची पीसीसी आणायला सांगतं आणि त्या बिचाऱ्याकडे पासपोर्टच नसतो. पर्यटक व्हिसावर फिरायला जाणाऱ्याला तर पासपोर्ट कार्यालय पीसीसी देतच नाही. ती रहिवास, नोकरी, लांब मुदतीचा व्हिसा किंवा स्थलांतर यांसाठीच आहे.

स्टेटस ‘सापडत नाही’ अशी ओरड करणारे पुष्कळ जण एका यंत्रणेचा क्रमांक दुसऱ्या यंत्रणेच्या साइटवर टाकून बसलेले असतात.

दुसरी थाप: नाव आणि मोबाइल टाकला की खरं स्टेटस दिसतं

पासपोर्ट सेवेच्या साइटवर स्टेटस पाहायला दोनच गोष्टी लागतात: फाइल नंबर आणि जन्मतारीख. अर्जाचा प्रकार निवडताना पासपोर्टऐवजी पीसीसीचा पर्याय घ्यायचा, बस. एमपासपोर्ट सेवा ॲपवरही हेच. आधार, ओटीपी, बँक, कार्ड यांतलं काहीही स्टेटस पाहण्यासाठी कुणी मागत नाही. मागितलं तर ती साइट सरकारी नाही. सरकारी पत्ता पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसलेल्या, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या बनावट साइटींची नावं देऊन परराष्ट्र मंत्रालयाने स्वतःच लोकांना सावध केलेलं आहे.

मग लोक लिंकवर का जातात? कारण सरकारी साइटवर त्यांना ‘नोंद नाही’ असं उत्तर मिळालेलं असतं. याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. ऑनलाइन फॉर्म भरून सबमिट केला की एआरएन, म्हणजे अर्जाचा संदर्भ क्रमांक, मिळतो. तो फाइल नंबर नव्हे. पंधरा अक्षरअंकांचा फाइल नंबर मिळतो तो अपॉइंटमेंटच्या दिवशी, पासपोर्ट सेवा केंद्रात कागद दाखवून झाल्यावर हातात येणाऱ्या पोचपावतीवर. फाइल नंबरच्या चौकटीत एआरएन टाकला तर यंत्रणेला काहीच सापडत नाही, आणि माणूस घाबरतो. नेमक्या त्या क्षणासाठी ही लिंक बनवलेली असते. ती पावती जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पण तो फोटो ग्रुपवर टाकून ‘माझं कुणी बघा ना’ म्हणू नका. फाइल नंबर आणि जन्मतारीख हाती आली की कुणीही तुमच्या अर्जाचा माग काढू शकतो, आणि मग ‘साहेबांकडून बोलतोय, तुमची फाइल अमुक टप्प्यावर आहे’ असा फोन अगदी खरा वाटतो.

तिसरी थाप: ‘अंडर रिव्ह्यू’ हलत नाही म्हणजे उलटा रिपोर्ट

सर्वात जास्त माणसं इथे फसतात. म्हणून आतलं काम कसं चालतं ते सांगतो.

पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी आणि सी असे तीन टप्पे असतात. ‘ए’वर कंत्राटी खासगी कंपनीचे कर्मचारी कागद स्कॅन करतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. ‘बी’ आणि ‘सी’वर सरकारी अधिकारी बसतात, एक तपासतो आणि एक मंजुरीचा निर्णय घेतो. तिथून पोलीस पडताळणीची विनंती ऑनलाइन जाते, मुंबईत विशेष शाखेकडे आणि जिल्ह्यात अधीक्षक कार्यालयाकडे. ते कार्यालय ती तुमच्या सध्याच्या पत्त्याच्या हद्दीतल्या ठाण्याला पाठवतं. ठाण्यात गोपनीय शाखेचा कर्मचारी नोंदी पाहतो, घरी येतो किंवा तुम्हाला बोलावतो. अहवाल त्याच वाटेने मागे फिरतो. तो पासपोर्ट कार्यालयात पोचला की तिथला अधिकारी वाचून मंजुरी देतो.

‘अंडर रिव्ह्यू’ हा या साखळीच्या शेवटच्या टोकाचा शब्द आहे. फाइल पासपोर्ट कार्यालयाच्या टेबलावर आहे आणि कुणीतरी ती अजून उघडलेली नाही किंवा उघडून वाचतं आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात तुमच्या वर्तनावर शेरा नाही. पोलिसांनी काय लिहिलं ते स्टेटसच्या त्या एका ओळीवरून कळत नाही, मेसेज लिहिणाऱ्यालाही नाही.

उशीर होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. होतो, आणि कधीकधी संतापजनक होतो. पण त्याची कारणं फार रुक्ष असतात. फॉर्मवर पत्ता गावचा, राहणं पिंपरीत, म्हणून हवालदार गावच्या घराला कुलूप बघून परत गेला. मोबाइल नंबर जुना. फ्लॅट नंबरच नाही. ठाण्यात बोलावलं त्या दिवशी माणूस दौऱ्यावर. भाडेकरार मालकाने दिलेलाच नाही, म्हणून शेजाऱ्यांनी ‘इथे असं कुणी राहत नाही’ म्हणून सांगितलं. सणाच्या किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तात अर्धं ठाणं रस्त्यावर असतं तेव्हा पडताळणी मागे पडते, यात नवल नाही.

‘घरी आढळला नाही’ असा अहवाल गेला तर अर्ज अडू शकतो, ही शक्यता खरी आहे. तरीही हा ‘उलटा रिपोर्ट’ नाही. पासपोर्ट कार्यालयाला लेखी कळवून पडताळणी पुन्हा पाठवण्याची विनंती करता येते. त्यासाठी कार्यालयात चौकशीची अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते. साधी विचारपूस १८०० २५८ १८०० या निःशुल्क क्रमांकावर होते. फाइल खरंच महिनोन्‌महिने पडून असेल तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करा किंवा दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारा की ती कोणत्या तारखेपासून कुणाकडे आहे. असा प्रश्न आला की फाइलवर तारखा लिहाव्या लागतात. पुष्कळदा तेवढ्यानेच ती हलते.

राज्य पोलिसांच्या दाखल्याची दिरंगाई झाली तर वाट वेगळी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि कसूर ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंड किती जणांना होतो हा प्रश्न वेगळा, पण अपिलाची पोच घेतलेला अर्जदार टेबलापलीकडच्या माणसाला जास्त स्पष्ट दिसतो.

चौथी थाप: सेटिंगशिवाय फाइल सुटत नाही

पासपोर्ट कार्यालयाच्या पीसीसीत पडताळणीसाठी पोलिसांना अर्जदाराने द्यायचं शुल्क शून्य आहे. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीसाठी तर परराष्ट्र मंत्रालय राज्य सरकारांना पैसे देतं: अहवाल २१ दिवसांत आला तर प्रत्येक प्रकरणामागे १५० रुपये, उशिरा आला तर ५०. म्हणजे वेळेत अहवाल पाठवण्यात खात्याचाच फायदा आहे.

चहापाणी मागितलं जातं का? काही ठिकाणी जातं, आणि हे वास्तव नाकारून कुणाचं भलं होणार नाही. पण मेसेजचा सल्ला पोलिसाला पैसे द्या असा नसतोच, तो ‘आमच्या माणसाला’ द्या असा असतो. त्या माणसाचा ठाण्याशी संबंध आहे याला पुरावा काय? बहुतेक वेळा एवढाच की दोन दिवसांनी स्टेटस बदललं. ते तसंही बदलणार होतं. पावसाळ्यात पाऊस पाडून दाखवणाऱ्या बाबासारखा हा धंदा आहे. फाइल पुढे सरकली की श्रेय त्याचं, नाही सरकली की ‘वरून अडलंय, अजून थोडे लागतील’. प्रत्यक्ष कुणी मागणी केलीच, तर महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

फॉर्म भरता येत नाही म्हणून जवळच्या सेवा केंद्रात कुणाकडून भरून घेणं यात गैर काही नाही. त्याच्या श्रमाचे पैसे द्या. फक्त लॉगिन तुमच्या मोबाइल आणि ईमेलवर ठेवा. पुष्कळ एजंट स्वतःचा नंबर टाकतात आणि मग पोलिसांचा फोन त्यांना जातो, तुम्हाला नाही. असा ‘न आढळलेला’ अर्जदार त्यांनीच तयार केलेला असतो.

पाचवी थाप: जुनी केस लिहू नका, कुणाला कळतंय

हा सल्ला सर्वात महागात पडणारा आहे. पोलीस ठाण्यांतल्या गुन्ह्यांच्या नोंदी सीसीटीएनएस या देशव्यापी जाळ्यात जोडलेल्या आहेत. पुण्यातला गुन्हा नाशिकच्या ठाण्यातही दिसू शकतो. आणि लपवलेली केस पुढे निघाली की प्रश्न केसचा उरत नाही, खोट्या माहितीचा होतो. अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सरकारी नोकरीच्या संदर्भात हा विषय सविस्तर हाताळला. पडताळणी फॉर्मवरची माहिती खरी असली पाहिजे, ती दडवल्यास नेमणूक रद्द होऊ शकते, पण प्रकरण किरकोळ असेल तर नियोक्त्याने ते डोळसपणे पाहावं, असा त्याचा मथितार्थ आहे. परदेशी व्हिसाला हा निकाल लागू नाही. तिथे तर माहिती दडवली म्हणून पुढची कित्येक वर्षं दार बंद होऊ शकतं.

निर्दोष सुटलात, केस मागे घेतली गेली किंवा गुन्हा रद्द झाला, तर निकालाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवा. ठाण्याच्या नोंदीत कोर्टाचा शेवट कधीकधी चढलेलाच नसतो. हवालदाराला संगणकावर फक्त गुन्हा दाखल झाल्याचं दिसतं. ती प्रत हातात असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्या अहवालात फरक पडतो.

बाकीचं थोडक्यात. पीसीसीला तत्काळ योजना नाही; ती पासपोर्टासाठी आहे, तेव्हा ‘तत्काळ पीसीसी’चे पैसे मागणारा तुम्हाला फसवतो आहे. वेळ वाचवायचाच तर अपॉइंटमेंट लवकर मिळेल असं केंद्र शोधा. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचा अर्ज घेतला जातो, आणि तालुक्याच्या ठिकाणी गर्दी अनेकदा कमी असते. पहिला अर्ज चालू असताना दुसरा टाकल्याने वेग वाढत नाही, दोन फाइलींचा गुंता वाढतो. ‘सहा महिन्यांत दाखला बाद’ हेही सरसकट खरं नाही. मुदत मागणारा देश ठरवतो. तुम्ही सध्या ज्या देशात राहता तिथल्या दाखल्यासाठी कॅनडा अर्जाआधीच्या सहा महिन्यांतला कागद मागतो, तर अमेरिकेचा स्थलांतर व्हिसा दोन वर्षांपर्यंतचा चालवून घेतो.

परदेशात राहून भारतीय दूतावासामार्फत पीसीसी काढणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक जादा सूचना. तिथे पोर्टल वेगळं, आणि अर्ज बऱ्याचदा बाहेरच्या कंपनीच्या केंद्रातून घेतला जातो. त्या कंपनीचा ट्रॅकिंग क्रमांक लिफाफा कुठे आहे ते सांगतो. भारतात पडताळणी कुठवर आली ते त्यावरून कळत नाही, म्हणून ‘दूतावासाकडे’ ही ओळ हलली नाही तर गावाकडच्या घरच्यांना विचारा, ठाण्यातून कुणी आलं होतं का.

आणि त्या लिंकवर आधीच माहिती भरली असेल, पैसे गेले असतील किंवा ‘स्टेटस ॲप’ म्हणून एखादी एपीके फाइल (ॲप स्टोअरबाहेरून थेट बसवायचं ॲप) मोबाइलमध्ये घेतली असेल तर लाजत बसू नका. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला खातं गोठवायला सांगा आणि दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार झाली तर ते अडवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.