हात आत्ता, कान मघाशी

मला विमानं बघायचा नाद नाही, ऐकायचा आहे. घरी एक रेडिओ स्कॅनर आहे. आपण फ्रीक्वेन्सींची यादी भरून द्यायची. तो एकेका दारावर टकटक करत पळत सुटतो, जिथं कुणी बोलत असेल तिथं थबकतो, बोलणं संपलं की पुढच्या दारी. वैमानिकांची बोलणी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतात आणि तीही अजून जुन्या एएम पद्धतीनं. कारण दोघं एकदम बोलले तर एकाचा आवाज दुसऱ्याला गिळत नाही, दोघांची मिळून शिट्टी वाजते आणि गोंधळ झाल्याचं सगळ्यांना कळतं. आमच्या घरातल्या चर्चांना ही सोय हवी होती.

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान तीन-साडेतीनशे किलोमीटरवरूनही ऐकू येतं, पण त्याच्याशी जमिनीवरून बोलणारा कंट्रोलर ऐकू येत नाही. म्हणजे शेजारी कुणीतरी फोनवर बोलतंय आणि आपण एका बाजूवरून दुसरी बाजू ओळखतोय, असा हा छंद. चारचौघांत सांगण्यासारखा नाही, म्हणून लिहून सांगतोय.

अडचण एवढीच, की अँटेना गच्चीवर, स्कॅनर तिच्याखालच्या खोलीत आणि मी दिवसभर ऑफिसात. एका रविवारी धूळ पुसताना स्कॅनरच्या पाठीला संगणकाची वायर लावायचं सॉकेट दिसलं. पुसायला घेतलं नसतं तर आज सुखात असतो.

एक तळहाताएवढा संगणक आणला, वायर जोडली, स्कॅनरला मॉडेल नंबर विचारला. उत्तरात प्रश्नचिन्हं, चौकोन आणि कुठल्या तरी लिपीतली दोन अक्षरं आली. संगणक ९६०० च्या वेगानं बोलत होता आणि स्कॅनर १,१५,२०० च्या. हे कळायला मला अडीच तास लागले. मग राउटरची पाळी. घरात १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता म्हणजे घरात हाक मारायचं टोपणनाव. बाहेर त्या नावानं कुणी ओळखत नाही. म्हणून राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडलं. ज्या रेडिओकडे घरातलं कुणी ढुंकून बघत नाही, त्याच्या दारावर दहा मिनिटांत जगभरचे अनोळखी लोक पासवर्ड घालून बघायला लागले. घाबरून पोर्ट बंद केलं, व्हीपीएन, म्हणजे फक्त माझ्यासाठीचा खाजगी बोगदा, टाकलं आणि सोमवारी ऑफिसात लॅपटॉप उघडला.

चालत होतं! पडद्यावर स्कॅनरचा डिस्प्ले जसाच्या तसा, फ्रीक्वेन्सी भराभरा पळतायत, इथं बटण दाबलं की तिथं थांबतायत. कानात हेडफोन. १२४ वर थांबल्याचं दिसलं. आवाज नाही. पुन्हा पळायला लागला, आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं, पडद्यावर भलताच आकडा असताना, कानात वैमानिक बोलला.

घड्याळ लावून मोजलं. बावीस सेकंद.

हुकूम जायला क्षणही लागत नव्हता, आवाज यायला बावीस सेकंद. हिशोबही नंतर जुळला. आवाज पाठवणारा सर्व्हर कुणी ऐकायला आलं, की आधीचा ६४ किलोबाइट आवाज त्याच्या ओंजळीत एकदम ओततो, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. माझा आवाज सेकंदाला २४ किलोबिटचा. भागाकार केला तर उत्तर बावीस. मी उत्साहानं ती ओंजळ लहान करून पाहिली, तर मोबाइलच्या नेटवर वैमानिकाला उचक्या लागल्या. मुकाट्यानं पुन्हा बावीसवर आलो.

बावीस सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण माझे डोळे आणि हात आत्तात होते आणि कान मघाशीमध्ये. त्यात एका चॅनेलवर अधूनमधून ‘खर्र’ असा आवाज येऊन स्कॅनर सेकंदभर अडायचा. अशा चॅनेलसाठी ‘लॉकआउट’ नावाचं बटण असतं. दाबलं की ते दार यादीतून बाद. मी ‘खर्र’ ऐकलं की तत्परतेनं बटण दाबत होतो. पण ते ऐकू येईपर्यंत खरखरणारं दार केव्हाच मागे पडलेलं असायचं आणि बाद व्हायचा तो त्या क्षणी समोर आलेला, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला चॅनेल. खर्र, लॉकआउट. खर्र, लॉकआउट. दारं जितकी कमी होत गेली, तितकी खरखर वाढत गेली. मला वाटलं वातावरण बिघडलंय. गुरुवारी दुपारी चाळिसातला एकच चॅनेल उरला. तो खरखरणारा.

हा मात्र योगायोग म्हणून सोडून देता येत नव्हता, कारण तो होता बरोब्बर १२५ मेगाहर्ट्झ. रात्री घरी येऊन संगणकाची नेटवर्क केबल उपटली. खर्र बंद. लावली, चालू. १०० मेगाबिटचं इथरनेट तारेवर सेकंदाला साडेबारा कोटी ठोके मारतं, म्हणजे तेच ते १२५ मेगाहर्ट्झ, विमानांच्या पट्ट्याच्या ऐन आत. ज्या तारेतून मी ऐकत होतो, तीच तार ऐकू देत नव्हती. केबल काढली तर खरखर बंद, आणि मीही बंद.

केबलला दोन्ही टोकांना तारेतली खरखर शोषणारे फेराइटचे ठोकळे अडकवले, संगणक दोन मीटर लांब नेला. खरखर निम्म्यावर आली. उरलेली दाबायला स्क्वेल्च थोडा वाढवायचा होता. स्क्वेल्च म्हणजे उंबरठा; याहून दुबळा आवाज आत घ्यायचा नाही. आणि इथं कळलं, की माझ्या स्कॅनरची झाडून सगळी बटणं संगणकावरून दाबता येतात, फक्त आवाजाचा आणि स्क्वेल्चचा खुंटा हातानंच फिरवावा लागतो. हे कळलं तेव्हा मी ऑफिसात होतो. आईला फोन लावला.

“आई, माझ्या खोलीतल्या रेडिओला दोन खुंटे आहेत बघ. खालचा जरासा उजवीकडे फिरव.”

“माझ्या उजवीकडे की त्याच्या?”

“एकच आहे गं ते. फिरवलास?”

“फिरवला.”

मी कान दिला. खर्र. “अजून थोडा.” खर्र. “अजून. अजून जरा.”

“अरे, किती फिरवू? खरखर केव्हाच थांबली.”

“माझ्याकडे चालू आहे.”

“तुझ्याकडे असेल. इथे नाहीये.”

तेवढ्यात माझ्याकडेही थांबली. नुसती खरखर नव्हे, सगळंच थांबलं. उंबरठा एवढा उंच झाला होता, की डोक्यावरून गेलेलं विमानही आत आलं नसतं. मग उलटं फिरवणं सुरू झालं. गिझरच्या नळाशी झटापट केलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. फक्त इथं नळ आईच्या हातात होता आणि पाणी माझ्या अंगावर पडत होतं. शेवटी ती म्हणाली, “तू बोलूच नकोस. मी इथे ऐकून लावते.” पाच सेकंदांत लावला.

त्या दिवसापासून ती दुपारी त्या खोलीत बसायला लागली. मला रोज फोनवर बातम्या. “मघाशी एक बाई होती, फार छान बोलते. तिला खाली उतरायचं होतं, पण सोडत नव्हते वाटतं.” दुसरी बाजू ती माझ्यापेक्षा चांगली ओळखते. मी बाद केलेले चॅनेल तिनं खुंटा सोडून बाकीची बटणं दाबदाबून परत यादीत आणले, कसे ते सांगत नाही. माझा लॅपटॉप अजून जोडलेला असतो, पण खरं सांगायचं तर आधी फोन करतो.

काल केला. एका कानाला फोन, दुसऱ्यात हेडफोन.

“आई, कुणी आहे का?”

“थांब, बोलतोय एक.” मी थांबलो. “नवीन नंबर मिळाला त्याला, आता तिकडे बोलायचं. वन थ्री टू पुढे काहीतरी. ‘गुड डे’ म्हणाला, गेला. तुला आला का ऐकू?”

“अजून नाही.”

“बरं, मी ठेवते,” म्हणून तिनं फोन ठेवला. मी ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो. बऱ्याच वेळानं दुसऱ्या कानात तो घाईघाईनं आकडा म्हणाला आणि मग, “गुड डे.”