स्टँडवर आवाज येत नाही म्हणे!

आज पुन्हा तेच. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढावर पायडलच्या प्रत्येक फेरीला 'टक्' करणारी सायकल दुकानात नेली, तर पठ्ठ्याने काय करावं? डबल स्टँडवर लावली, हाताने पायडल गरागरा फिरवलं आणि म्हणतो, "काका, आवाज कुठाय?" अरे मेल्या, आवाज वजन पडल्यावर येतो! ६०-७० किलोचा माणूस चढावर पायडलवर उभा राहतो तेव्हा जे सांधे हलतात, ते चाक हवेत ठेवून दोन बोटांनी फिरवल्यावर हलणारेत होय?

उतरव ती खाली. भिंतीला टेकव, मागचा ब्रेक दाब, पायडल पुढे आडवं आण आणि त्यावर अंगाचा भार टाक. टक्! आता दुसऱ्याने आधी कॉटर पिनेवर, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) आसाला धरून ठेवणाऱ्या खिळीवर बोट ठेवायचं, मग बीबीच्या, म्हणजे तो आस ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या कपावर, मग पायडल क्रँकमध्ये शिरतं तिथे. कानावर विश्वास ठेवायचा नाही. फ्रेमचे पाइप पोकळ, सीटपाशी वाजलेलं खाली बीबीत वाजल्यासारखं वाटतं. बोटाला मात्र धक्का जिथल्या तिथे कळतो. दोन मिनिटांचं काम!

पण नाही. आधी ऑइल. चेनवर ऑइल, हबवर ऑइल, विचारायच्या आत ऑइल. किनाऱ्यावरची वाळू त्याला चिकटते आणि चेन पॉलिशपेपर लावल्यासारखी झिजते. चेनला तेल घालून वरचं फडक्याने कोरडं पुसायचं असतं, हे सांगायला गेलं की हे आपल्यालाच हसणार.

आणि कॉटर! नट आवळून पिन आत ओढली जात नाही हो, नुसते आटे मरतात. क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू द्यायचा, पिन हातोडीने ठोकून बसवायची, नट फक्त ती धरून ठेवायला. थोडी चालवली की पुन्हा ठोकून आवळायची. टेकू न देता ठोकलं की मार थेट बीबीतल्या छर्‍यांवर. कपाला खड्डे पडतात आणि 'टक्'च्या जोडीला करकर फुकट. वर दोन्ही पिना एकाच बाजूने घालणारे महाभाग आहेतच. एकीचा नट वर तर दुसरीचा खाली हवा, नाहीतर दोन्ही क्रँक सरळ रेषेत येतच नाहीत.

डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे सायकलच्या दुकानात गिर्‍हाइकाने सांगायचं का? उजव्यासारखं पिळत बसतात, आणि क्रँक अॅल्युमिनियमचा असला की संपलाच.

आवाज प्रत्येक फेरीला नसून साधारण अडीच फेऱ्यांनी एकदा असेल, तर क्रँकला हातसुद्धा लावू नका. पुढच्या चाकीला ४४ दात, चेनला ११० कड्या, करा भागाकार. पावसाळ्यानंतर खाऱ्या वाऱ्याने एखादी कडी जाम झालेली असते. शोधायची, दोन्ही बाजूंनी धरून हलकेच आडवी वाकवायची, झालं. उभं राहून मारल्यावर आवाज गेला तर सीट किंवा सीटपाइप. पायडल मारणं थांबवून नुसती सोडली तरी चालूच, तर चाक, मडगार्ड, स्पोक. इतकं सोपं आहे!

सोपं आहे खरं, पण हे करताना माणूस दिसतो कसा? मान खाली, एका पायाने पायडल मारतोय, तोंडाने "टक्... एक, दोन, टक्..." पुटपुटतोय. समोरून एसटी आली तरी मान वर नाही. मागून कोणीतरी हमखास, "आता स्कूटी घ्या की!" तुझ्या स्कूटीला शिरा पडो, ती बंद पडली की ढकलायला कोण येतं रे?

आता भैरीबुवालाच गाऱ्हाणं घालायचं. बा महाराजा, ऑइलचे पन्नास रुपये घेतलेन, ते घेऊ देत. पण त्याला एकदा तरी हीच सायकल घेऊन आरे-वारेचा चढ चढव रे महाराजा!