‘जर्मनीत एमएस फुकट, आमची सेवाही फुकट’: या मेसेजमध्ये खरं किती?

गेले काही दिवस नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे आईबाप हे त्याचं गिऱ्हाईक. मजकूर थोडक्यात असा: जर्मनीत एमएस पूर्ण मोफत. जर्मन भाषा लागत नाही. महाराष्ट्र शासनाचा जर्मनीशी करार झालाय, म्हणून आपल्या मुलांना जागा राखीव. पार्ट टाइम कामातून राहण्याखाण्याचा सगळा खर्च निघतो. आमची सेवाही मोफत, कारण आमचे पैसे विद्यापीठ देतं. जागा थोड्या, आजच पंचवीस हजार भरून सीट बुक करा.

परवा हा मेसेज माझ्या ताईपर्यंत पोचला. भाचा मेकॅनिकलला आहे. ताई पैसे भरायच्या बेतात होती, भरण्याआधी तिने मला फोन केला म्हणून थांबली. मी स्वतः जर्मनीतल्या आखेनला शिकलोय, त्यामुळे हे वाचून डोकं तापलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात घातक वाक्य शेवटून दुसरं आहे: ‘आमचे पैसे विद्यापीठ देतं.’ कुठलं विद्यापीठ देतं? आखेन, ब्राउनश्वाइग, डार्मश्टाट इथली सरकारी तांत्रिक विद्यापीठं भारतीय मुलांकडून नेहमीच्या एमएससीसाठी (मेसेजमधलं ‘एमएस’ ते हेच) शिकवणी शुल्क घेत नाहीत. जिथे शुल्कच नाही, तिथे डोक्यामागे कमिशन द्यायला पैसा येणार कुठून? आणि गरज तरी काय? भारतातून अर्ज आपणहून जातातच. 2024-25 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत 59 हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वात मोठा गट आपलाच.

कमिशन देतात ती खासगी विद्यापीठं. त्यांतल्या कित्येकांचं शुल्क वर्षाला दहा हजार युरोच्या पुढे आहे, आणि त्यातलाच एक हिस्सा मुलगा आणून देणाऱ्याला मिळतो. म्हणजे ‘मोफत’ सल्ल्याची किंमत तुमच्याच शुल्कातून वसूल होते. लग्न जुळवणाऱ्याने वरपक्षाकडून पैसे घ्यायचे आणि मुलीच्या बापाला सांगायचं की मी तुमचं काम फुकट करतोय, तसा हा प्रकार. असा माणूस तुमच्या मुलाला आखेनचा अर्ज भरायला का सांगेल? तो म्हणणार, ‘तुमच्या मार्कांवर तिथे होणार नाही, हे दुसरं बघा, हेही सरकारमान्यच आहे.’ सरकारमान्य म्हणजे सरकारी नव्हे. आपल्याकडच्या खासगी कॉलेजांच्या अनुभवावरून एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

ही कमिशनची वाट फक्त जर्मनीतली नाही. अमेरिकेत सरकारी आर्थिक मदतीच्या योजनेत असलेल्या कॉलेजांना विद्यार्थी भरतीसाठी डोक्यामागे कमिशन देण्याची कायद्याने बंदी आहे. का, तर अशाने मुलांची फसवणूक होते. पण त्याच कायद्यात सूट आहे: परदेशात राहणाऱ्या, ती मदत न मिळणाऱ्या परदेशी मुलांची भरती असेल तर कमिशन चालतं. आपल्या मुलांना जे नको, ते दुसऱ्यांच्या मुलांना चालतं. मला याचा संताप येतो.

आता ‘पूर्ण मोफत’. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागेल. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, सत्राची किरकोळ वर्गणी तेवढी असते. पण आपल्या मेकॅनिकलच्या पोरांना जायचं असतं ते नेमकं श्टुटगार्ट नाहीतर कार्ल्सरुहला, कारण मर्सिडीज, पोर्शे, बॉश त्या भागात. ते राज्य, बाडेन-व्युर्टेंबर्ग, 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला 4,000 ते 6,000 युरो लावलेत. मेसेजमध्ये फोटो मात्र म्युनिकचाच आहे.

पार्ट टाइमचं गणित नीट करून बघू, कारण यावर विसंबून लोक कर्ज काढतात. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, 11,904 युरो आधी दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. आजच्या दराने बारा लाखांच्या आसपास. विमानात बसण्याआधी. ही रक्कम पार्ट टाइममधून कशी निघणार?

तिथे पोचल्यावर कायद्याने वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं. 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. आठ तासांचे 140 दिवस धरले तर साडेपंधरा हजार युरो होतात. कागदावर खर्च निघतो, नाही म्हणत नाही. पण वर्षाचा अभ्यास 60 क्रेडिटचा, आणि एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. म्हणजे पंधराशे ते अठराशे तास. त्यात कामाचे 1,120 मिळवा. वर्षाचे बावन्न आठवडे एकही सुट्टी न घेता दर आठवड्याला 50 ते 56 तास होतात. वर परीक्षेचे प्रयत्न मोजके. सक्तीच्या विषयात शेवटचा प्रयत्न हुकला की त्या अभ्यासक्रमातून नाव कटतं, आणि सहसा तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. एटीकेटीची सवय असलेल्या मुलांना हे कोणी सांगतं का?

‘जर्मन लागत नाही’ हे प्रवेशापुरतं खरं. इंग्रजी मास्टर्स भरपूर आहेत. पण सुपरमार्केटमध्ये काम मागताना, डॉक्टरकडे, भाड्याची खोली बघताना आणि पुढे मध्यम आकाराच्या कंपनीत मुलाखत देताना जर्मनच लागतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, आजपासून शिकायला लागा.

शासनाचा करार? झालाय, 2024 साली, बाडेन-व्युर्टेंबर्गशी. तो कुशल मनुष्यबळासाठी आहे: रुग्णसेवा, हॉटेल, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी. एमएसच्या जागांशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

सीट बुकिंग हा तर शुद्ध खोटेपणा. सरकारी विद्यापीठात मध्यस्थाकडे पैसे भरून जागा अडवता येत नाही. भारतीयांना आधी एपीएस या जर्मन दूतावासाच्या तपासणी केंद्राकडून गुणपत्रिका तपासून घ्याव्या लागतात, फी 18,000 रुपये. मग विद्यापीठाकडे थेट किंवा युनि-असिस्ट या विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज. युनि-असिस्टकडे पहिल्या अर्जाला 75 युरो, त्याच सत्रासाठी पुढच्या प्रत्येकाला 30. डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजी अभ्यासक्रमांची सूची फुकट आहे. शुल्क, भाषा, अर्जाची शेवटची तारीख, सगळं त्यात असतं. मेसेजमधलं कुठलंही विद्यापीठ तिथे शोधा आणि शुल्काच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

ताईला सांगितलंय की त्या माणसाला दोन गोष्टी लेखी विचार. आखेन, ब्राउनश्वाइग, डार्मश्टाट यांपैकी एका तरी ठिकाणी अर्ज करून देणार का? आणि तुम्ही सुचवलेल्या प्रत्येक विद्यापीठाकडून तुम्हाला किती मिळतात? उत्तर येईपर्यंत एक रुपयाही भरायचा नाही.