फाइल कोणी उडवली? ऑडिटची एक ओळ पुरत नाही

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: "लिनक्सवर फाइल कोणी डिलीट केली ते कळायला ऑडिटमध्ये अनलिंकचा एक नियम टाका. तेवढं जमत नसेल तर आयनोटिफाय लावा, नाहीतर हिस्टरी बघा. सुडो वापरून डिलीट केली असेल तर मात्र सगळीकडे रूटच दिसणार." (ऑडिट म्हणजे सिस्टिममध्ये कोणी काय केलं याची नोंद ठेवणारी लिनक्सची सोय, अनलिंक म्हणजे फाइलचं नाव काढून टाकणं, रूट म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं आणि सुडो म्हणजे त्याचे अधिकार घेऊन कमांड चालवणं.)

हिस्टरीचं आधी उरकून टाकू. टाइप केलेल्या कमांडची ही यादी शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) लिहितो, कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही. स्क्रिप्टने किंवा फाइल मॅनेजरने उडवलेल्या फाइलचा तिथे पत्ताच नसतो. शिवाय ज्याने फाइल उडवली, तोच स्वतःची हिस्टरीही पुसू शकतो.

आयनोटिफाय हा फोल्डरमधले बदल कळवणारा भाग कर्नलचाच, पण तो एवढंच सांगतो की या फोल्डरमधून हे नाव गेलं. युजर कोण, प्रोसेस कुठली, हे त्याच्या इव्हेंटमध्ये नसतंच.

खरी गंमत अनलिंकच्या नियमात आहे. फाइल डिलीट करणारी साधी आरएम कमांड एस्ट्रेसखाली (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) चालवून बघा. ती अनलिंक हा सिस्टिम कॉल (कर्नलला केलेली विनंती) करतच नाही, अनलिंकॲट हा वेगळा कॉल करते. म्हणजे नियम लावून तुम्ही निर्धास्त, कोणीतरी आरएमने फोल्डर साफ करतंय आणि लॉग कोरडा ठणठणीत! रिनेमचे कॉलही धरावे लागतात, कारण एमव्हीने (फाइल हलवणारी कमांड) त्याच नावावर दुसरी फाइल आणून टाकली की जुनी गेलीच. 32 बिट प्रोग्रामच्या कॉलसाठी नियमाची वेगळी ओळ लागते. त्यात कर्नल 5.11 पासून आयओ-युरिंगमधूनही (कर्नलला कामं रांगेतून देण्याची सोय) फाइल काढता येते. ते सिस्टिम कॉलच्या नियमात सापडत नाही. त्यासाठीची वेगळी ऑडिट यादी 5.16 मध्ये आली.

सुडोबद्दल मात्र उगाच हात टेकलेत. लॉगिन करताना मिळालेला एयूआयडी (लॉगिन खात्याचा क्रमांक) सुडो किंवा एसयू (दुसऱ्या खात्यात शिरण्याची कमांड) केलं तरी बदलत नाही. नोंदीत यूआयडी (त्या क्षणीच्या खात्याचा क्रमांक) 0, म्हणजे रूट, आणि एयूआयडी 1003 दिसला, तर रूट होऊन फाइल काढणारा 1003 च्या खात्यातून आत आला होता. सगळी टीम एकाच खात्याने लॉगिन करत असेल, तर कर्नल तरी काय करणार!

वेबसर्व्हरसारख्या सेवांना एयूआयडी नसतो. तिथे 4294967295, म्हणजे 'ठरलेला नाही', असं दिसतं. सर्रास कॉपी होणारे नियम एक अट घालून नेमक्या याच नोंदी गाळतात. त्यामुळे वेबॲपने उडवलेली फाइल हवी असेल तर ती अट काढा. आणि फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला फोल्डर वापरू देण्याची पद्धत) शेअर केला असेल, तर क्लायंटवरून झालेलं डिलीट सर्व्हरच्या कर्नलमध्येच उरकतं, तिथे सिस्टिम कॉल होतच नाही. अशा वेळी नियम क्लायंटवर लावावा लागतो.