अंगी लागलेली पुस्तके

आवडलेले पुस्तक आणि अंगी लागलेले पुस्तक यांत मी फरक करतो. आवडलेल्या पुस्तकाची आपण मित्रांकडे शिफारस करतो, त्यातले प्रसंग रंगवून सांगतो. अंगी लागलेल्या पुस्तकाविषयी बोलणे मात्र अवघड जाते, कारण आपल्या विचारांतला त्याचा वाटा कोणता आणि आपला कोणता, हे निवडून काढता येत नाही.

माझ्या बाबतीत असे सर्वांत आधी घडले ते जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांमुळे. १९२३ साली आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंबा गावी जन्मलेल्या आणि पुढे धारवाडला अध्यापन केलेल्या या लेखकाचे ‘निळासावळा’, ‘पारवा’ आणि ‘हिरवे रावे’ हे संग्रह मी कॉलेजच्या वयात वाचले. त्यांतली ओढगस्तीची घरे, मन मारून जगणारी आणि एकाच छपराखाली राहून एकमेकांना परकी झालेली माणसे बेळगावातल्या शहापूर-अनगोळच्या गल्ल्यांतून रोज माझ्या समोरून जात होती. आजही कोणी तुसडेपणाने बोलला, तर याच्या आयुष्यात काय करपून गेले असेल, हा प्रश्न मला रागाच्या आधी पडतो. जी.एं.च्या कथांत दुःखाला प्रत्येक वेळी कारण सापडत नाही आणि न्याय तर क्वचितच मिळतो. वडिलांच्या दीर्घ आजारपणात भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही कारण सांगत असे, प्रारब्धापासून पथ्यापर्यंत. तेव्हा ज्याला कारणच नाही असे दुःखही माणूस पेलतो, हा आधार मला या कथांनी दिला, आणि तो कोणत्याही उपदेशापेक्षा भक्कम होता.

बेळगावातच राहून अध्यापन करणाऱ्या इंदिरा संतांची कविता याहून हळुवार वाटेने आली. १९४६ साली पती गेल्यानंतरचा शोक त्यांनी ज्या संयमाने शब्दांत आणला, तो संयम निदान शोकाच्या घरी बोलताना तरी पाळावा, असे मला वाटत आले आहे.

प्रकाश नारायण संत यांच्या कथांतल्या लंपन या मुलाविषयी मात्र सीमाभागातल्या वाचकाने अधिक हक्काने बोलावे. आमच्या मराठीत कानडी शब्द आणि कानडी हेल सहज मिसळलेले असतात, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसमोर आमची मुले त्यामुळे अजूनही बुजतात. ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतच्या चार पुस्तकांत तीच बोली एका अतिशय तरल मनाच्या मुलाच्या तोंडी येते, आणि तिच्यात सांगता येणार नाही असे त्या मनात काहीच उरत नाही. हे ज्याने शाळकरी वयात वाचले, त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटणे कठीण आहे.

म्हणूनच मुलांना त्यांच्या वयाला झेपेल तेवढेच द्यावे, हा पालकांचा आग्रह मला पटत नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे. कडोली, उचगावसारख्या गावांत आजही लोक स्वतःच्या हिमतीवर साहित्य संमेलने भरवतात. पुस्तके हाताशी आहेत, तर मुलांना त्यांत मोकळे सोडावे. जी.एं.च्या ‘काजळमाया’तल्या काही कथा पहिल्या वाचनात मला पुरत्या उमगल्या नव्हत्या, पण त्या मनातून जातही नव्हत्या, त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळावे लागले आणि दर खेपेला त्यांत निराळे काही दिसले. आमच्या घरातली मुले ते पुस्तक कपाटातून काढतात, तेव्हा अजून वेळ आहे, असे मी त्यांना सांगत नाही.