काकू, लिंबाचं चुकलं. पण उटणं म्हणजे स्क्रब नव्हे

नमस्कार काकू,

('तुमच्या आईच्या वयाची आहे' असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काकू म्हणतेय. सदाशिव पेठेतून आलेली प्रतिक्रिया आहे हे तुम्ही सांगितलं नसतं तरी कळलं असतं.)

वाचून आधी राग आला. मग माझा दोन वर्षांपूर्वीचा लेख उघडून पाहिला आणि राग धरायला जागाच उरली नाही. बाकीच्या वाचकांसाठी काकूंची तक्रार थोडक्यात अशी: त्यांच्या सुनेनं माझा 'स्वयंपाकघरातले पाच बॉडी स्क्रब' हा लेख वाचून अर्धं लिंबू साखरेत बुडवलं आणि कोपरांवर, मानेवर घासलं. अंघोळ करून ती नेहमीसारखी स्कूटरवरून हडपसरला ऑफिसला गेली. दोन दिवसांनी कोपरांवर लाल चट्टे उठले, आता तिथे तपकिरी डाग आहेत. मान मात्र ठीक आहे. त्याच आठवड्यात कॉफी-खोबरेलाच्या स्क्रबनं त्यांची मोरी तुंबली. आणि पुढे काकू म्हणतात: 'याला आमच्याकडे उटणं म्हणतात, इंग्रजी नाव दिलं की तुमचा लेख होतो. आम्ही तान्ह्या बाळांनासुद्धा डाळीच्या पिठानं घासून काढलं, कुणाला काही झालं नाही. आणि अन्न अंगाला चोळायची ही कसली फॅशन?'

लिंबापासून सुरू करते, कारण तिथे मी सरळसरळ दोषी आहे.

'मान ठीक आहे' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळी गोष्ट त्यातच आहे. पुण्यात स्कूटर चालवणारी मुलगी मान आणि चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळूनच निघते. कोपरं उघडी राहतात. म्हणजे लिंबू दोन्ही जागी लागलं, ऊन फक्त एका जागी लागलं, आणि डाग उन्हाच्या जागी पडले. लिंबाच्या सालीत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले अतिनील किरण पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. लगेच नाही, एकदोन दिवसांनी. म्हणून लिंबावर संशय जात नाही, माणूस आदल्या दिवशीच्या जेवणाला नाहीतर नव्या साबणाला दोष देतो. लाली गेली की मागे तपकिरी डाग राहतो, तो कधी काही आठवडे, कधी काही महिने.

यात माझी चूक दुहेरी. मी ती कृती परदेशी लेखांतून उचलली होती. तिथे लिहिलेलं असतं 'लेमन', जाड सालीचं, पिवळं, लांबट फळ. आपण पोह्यांवर पिळतो ते कागदी लिंबू म्हणजे त्यांचं 'लाइम', आणि या असल्या भाजण्यासाठी जी फळं त्वचेच्या डॉक्टरांना चांगली माहीत आहेत त्यांत हे लाइम अगदी वर आहे. त्यात मी 'रस काढून टाकू नका, सालीसकट घासा' असंही ठणकावून लिहिलं होतं. म्हणजे नेमकी जी गोष्ट टाळायची तीच चोळायला सांगितली.

ऊन बाजूला ठेवलं तरी लिंबू अंगाला लावायची वस्तू नाही. शाळेत सामू (पीएच) शिकलो होतो, आठवत असेल: अंक जितका कमी तितकी वस्तू आम्ल. त्वचेचा सामू साधारण 5 च्या आसपास, लिंबाच्या रसाचा 2 च्या. तीन अंकांचा फरक दिसायला किरकोळ, पण प्रत्येक अंक दहापटीचा असतो, त्यामुळे रस त्वचेपेक्षा सुमारे हजारपट आम्ल ठरतो. उलट खायचा सोडा 8 च्या वर जातो. तोही माझ्या त्या पाचांत होता. दोन्ही कृती मी लेखातून काढल्यात, आणि गुपचूप नाही, वर तांबड्या अक्षरात कारण लिहून.

सुनेच्या कोपरांना आता काहीही लावू नका. खरंच काहीही नाही, कोरफडसुद्धा नाही. डाग घालवायला म्हणून पुन्हा घासलं तर आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर प्रत्येक ओरखडा नवा डाग सोडून जाऊ शकतो. बाहेर जाताना पूर्ण बाह्या घालायला सांगा आणि थांबा. फोड आले असतील किंवा जळजळ अजून असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मी डॉक्टर नाही, हे दोन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

मोरीचं म्हणाल तर माझीही तुंबली होती. डिसेंबरात. प्लंबरनं नहाणी ट्रॅप उघडून आतून जे बाहेर काढलं ते बघून तो मला म्हणाला, 'मॅडम, इथे केक करता का?' कॉफीचा चोथा पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं. पुण्यात हिवाळ्यात सकाळी नळीतलं पाणी त्याहून किती गार असतं ते तुम्हाला माहीत आहे. दोघं भेटले की वडी पडते. (आणि कॉफी म्हणजे फिल्टर कॉफीचा चोथा हो. एका बाईंनी मला कळवलं होतं की झटपट कॉफीची पावडर चोळली, अंग तपकिरी झालं आणि बाकी काहीच झालं नाही. आपल्याकडे चहा पिणारी घरं, चोथा येणार कुठून!)

आता उटणं. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

'स्क्रब म्हणजे आपलं उटणंच' हे मीही त्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं. म्हणजे आपण दोघी एकाच चुकीत आहोत. गेल्या दिवाळीआधी रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात उटण्याचं सामान घ्यायला गेले होते: वाळा, नागरमोथा, गवला कचरी, आंबेहळद, चंदन, सुकलेल्या गुलाबपाकळ्या. दळून देणार का विचारलं, तर काउंटरवरच्या आजोबांनी विचारलं, 'नुसतं दळून की वस्त्रगाळ?' मी म्हटलं, थोडं जाडसर ठेवा, अंगाला घासायचंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चिरोट्याला जाड रवा वापरते म्हणाले. 'उटणं वस्त्रगाळच असतं.'

घरी येईपर्यंत हा एक शब्द माझ्या डोक्यात घोळत होता. वस्त्रगाळ, म्हणजे कापडातून गाळलेलं. ज्या पदार्थानं त्वचा खरवडून काढायची असते तो कुणी मलमलीतून गाळेल का? दाणा राहू नये म्हणूनच तर गाळतात. मग उटणं करतं काय?

तेल काढतं. नरक चतुर्दशीचा क्रम आठवा. पहाटे आधी तिळाचं तेल, तेही चांगलं मुरेपर्यंत, मग उटणं, मग गरम पाणी. उटणं कधीच कोरड्या अंगाला लावत नाहीत. 'उटणं' हा शब्द ज्या 'उद्वर्तन'वरून आला तेही तेलाच्या मर्दनानंतर करायचं कर्म. मसुराचं किंवा हरभऱ्याच्या डाळीचं पीठ अंगावरचं जादा तेल शोषून घेतं, आणि डाळींमध्ये रिठ्या-शिकेकाईसारखी थोडी सॅपोनिनं (फेस आणणारी द्रव्यं) असतात, ती उरलेलं तेल पाण्याबरोबर सोडवतात. थोडक्यात, उटणं हा साबण आहे. साबण घरात आल्यावर त्याचं ते काम गेलं, उरला तो सुगंध आणि दिवाळीचा एक दिवस, नगरसेवकाचा फोटो छापलेल्या पुडीतून. पुडीतलं उटणं जाडंभरडं असतं आणि आपण ते मोती साबणाच्या आधी की नंतर लावायचं यावरून घरात वाद घालतो. दोन साबण एकामागून एक लावतोय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

धायरीत आमच्याकडे वर्षातले चार महिने टँकरचं पाणी. इतकं जड की साबणाला फेस येत नाही, अंगावर पांढरट थर राहतो. त्या दिवसांत तेल आणि डाळीचं पीठ लावून केलेली अंघोळ साबणापेक्षा स्वच्छ वाटते, कारण जड पाण्याशी साबणाचा जो साका होतो तो पिठाचा होत नाही. खडकवासल्याचं गोड पाणी येणाऱ्या तुमच्या पेठेत हे कळायचं नाही, पण माझ्यासाठी उटण्याचं खरं मोल तिथे उघडं पडलं.

स्क्रब उलटा चालतो. त्याला दाणा लागतो. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर हात-पायांवर वगैरे साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका. साखरेचा दाणा जवळजवळ मिलिमीटरभर. म्हणजे थराच्या पन्नासपट जाड वस्तू आपण त्यावर दाबून फिरवतो. आणि हा थर तसाही रोज आपणहून झडत असतो, साधारण महिन्याभरात वरची त्वचा नवी होते. साखर निदान पाण्यात विरघळून स्वतःच थांबते, म्हणून घरगुती स्क्रबांत मला तीच त्यातल्या त्यात सोसते. तळव्यांना, टाचांना ती ठीक. मीठ चरचरतं. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा कधीच नको, त्याला कडा असतात.

आणि जुनं ते सगळं निर्धोक, असंही मी म्हणणार नाही. तुमच्या सासूबाईंच्या उटण्यात बावची होती का, आठवून पाहा. बावचीत सोरालेन असतं, ते लिंबातल्या त्याच फ्युरानोकुमारिनांच्या कुळातलं. कोडावर बावची लावून उन्हात बसवायचे ते त्याच गुणामुळे. पहाटे लावून धुऊन टाकलं तर गोष्ट वेगळी असेल, पण सकाळी नऊला लावून स्कूटर काढणाऱ्या सुनेच्या उटण्यात मी बावची घालणार नाही. त्या आजोबांनी पुडी बांधली होती, मी परत केली. दुसऱ्यांदा तसंच पाहिलं त्यांनी माझ्याकडे.

बाळांचं तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण माझ्या लेकीलाही न्हाऊ घालणाऱ्या मावशी डाळीचं पीठ आणि साय घेऊन यायच्या आणि 'लव जायला हवी' म्हणून पाठ चांगली रगडायच्या. लेक किंचाळायची. मी गप्प बसले. ती लव पहिल्या काही आठवड्या-महिन्यांत आपोआप गळते, न रगडलेल्या बाळांचीही. 'कुणाला काही झालं नाही' याचा अर्थ बाळ मोठं झालं एवढाच आहे. गळ्याच्या, मांडीच्या वळ्यांत पीठ अडकून लाल झालेलं आपण 'घामोळं' म्हणून सोडून देतो. काकू, तुम्ही कितीही ओरडलात तरी तान्ह्या बाळाला पीठ लावायला मी लिहिणार नाही.

अन्नाच्या नासाडीचं मात्र तुमचं म्हणणं अर्धं मान्य. वाटीभर मध, अर्धी वाटी बदामाचं तेल आणि साय असली कृती लिहिताना मला लाज वाटायला हवी होती. आता जे टाकणार असतो तेच घेते: नागपुरी संत्र्यांच्या साली, सावलीत वाळवून. मसुराचं पीठ मात्र विकतचं, पण एका वेळी दोन चमच्यांहून कमीच. त्यात आमटी होत नाही हो.

माझी आताची पद्धत, प्रमाणासकट, कारण 'अंदाजे म्हणजे किती?' हेही तुम्ही विचारलंय. मसुराचं पीठ 100 ग्रॅम, वाळलेल्या संत्रासालीची पूड 25 ग्रॅम, नागरमोथा आणि गवला कचरी 10-10 ग्रॅम, आंबेहळद एक चमचा. सगळं एकत्र दळून मलमलीतून दोनदा गाळायचं आणि कोरड्या बरणीत भरायचं. बरणी बाथरूममध्ये नाही, बाहेर कपाटात. ओला हात गेला की आठ दिवसांत बुरशी, हे मी एका बरणीवर शिकले. आठवड्यातून एकदा दोन चमचे तिळाचं तेल अंगाला, पंधरा मिनिटं थांबून दोन चमचे पूड दुधात किंवा नुसत्या पाण्यात वाटीत तेवढ्यापुरती कालवायची. लावायची, चोळायची नाही. तेल पिठात आलं की हाताला कळतं, पीठ गोळे होऊन सुटायला लागतं. मग कोमट पाणी. आधी पायाखाली जुनं फडकं आणि नहाणीवर जाळी. फरशी तेलकट होते, तुमच्या वयाला तर फारच जपून, बसूनच करा.

वॅक्सिंग केलेल्या दिवशी नाही, खरूज-इसब असेल तिथे नाही, आणि दंडावर ते बारीक काटे येतात ना, कितीही घासले तरी न जाणारे, तिथे तर मुळीच नाही. घासल्यानं ते लाल होतात, जात नाहीत.

तुमच्या घरचं उटण्याचं प्रमाण मला हवंय. आईकडून, सासूबाईंकडून, जे काही असेल ते. बावची असेल तर तीही लिहा, मी रागावेन म्हणून वगळू नका. आणि सुनेचे डाग फिके झाले की कळवा.