बोट मोठी झाली, धक्का लांब गेला

‘‘अरे, बंदर कुठे आहे?’’ फलाटावर उतरल्या उतरल्या मामांनी विचारलं.

उत्तर जर्मनीतल्या या स्टेशनचं नाव ट्रावेमुंडे स्कांडिनाविएनकाय, म्हणजे सरळ अर्थ ‘स्कँडिनेव्हियाचा धक्का’. नावावरून वाटावं की गाडीतून पाय काढला की बोटीतच पडेल. प्रत्यक्षात समोर रूळ, कुंपण आणि पलीकडे दूर ट्रकांच्या रांगा. आमच्याबरोबर आणखी दोघे उतरले आणि सायकली काढून निघून गेले. मी, मामा, मामी आणि चाकं खडखडणाऱ्या तीन बॅगा पंधरा मिनिटं चालत टर्मिनलच्या इमारतीत पोचलो. मामी वाटेत एकच वाक्य बोलल्या, ‘‘इथे रिक्षा नाही का रे?’’

मामा अलिबागचे. मुंबई–अलिबाग जलवाहतूक हा त्यांच्या घरातला जेवणाच्या ताटावरचा विषय. गेली बारा वर्षं हॅम्बुर्गहून फोन केला की मी त्यांना ऐकवत आलो, की इकडे कसं सगळं एकमेकांना जोडलेलं असतं, तुमच्याकडे नुसत्या घोषणा. तेव्हा या जूनमध्ये ते इकडे आल्यावर, ल्युबेक पाहून तिथून बोटीने स्वीडनला ट्रेलेबोर्गला जायचं असं ठरवण्यात थोडी फुशारकी होती, हे कबूल करतो.

ल्युबेकने मात्र निराश केलं नाही. हॅम्बुर्गहून गाडीने पाऊण तास, स्टेशनातून दहा मिनिटं चाललं की होल्स्टनटोअर ही वेस समोर येते. 1478 मध्ये पूर्ण झालेले विटांचे दोन जाडजूड बुरूज दलदलीत रुतल्यामुळे असे कलले आहेत की दोन म्हातारे एकमेकांना टेकून उभे राहावेत. पूर्वी पन्नास मार्कांच्या नोटेवर हीच वेस होती. पलीकडे ट्रावे नदीच्या काठाला मिठाची जुनी कोठारं. ल्युनेबुर्गचं मीठ कालव्याने इथे यायचं. तो श्टेकनिट्झ कालवा 1398 मध्ये सुरू झाला. इथून ते मीठ समुद्रापार, आजच्या स्वीडनमधल्या स्कोनेच्या किनाऱ्यावर जायचं आणि हेरिंग मासळी खारवून परत यायची. हान्सा या जुन्या व्यापारी शहरांच्या संघाची राणी असलेलं ल्युबेक मीठ आणि खाऱ्या मासळीवर श्रीमंत झालं. हे सांगितल्यावर मामी म्हणाल्या, ‘‘म्हणजे पेणची मिठागरं आणि आपली सुकट की!’’ त्यापुढे मला इतिहास सांगायची गरज उरली नाही.

मारियेनकिर्श या चर्चमध्ये 1942 च्या बाँबहल्ल्यात मनोऱ्यातून कोसळलेल्या घंटा अजून फरशीवर फुटलेल्याच ठेवल्या आहेत. तिथे मामा बराच वेळ उभे राहिले.

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळी गलबतं कोठारांच्या दारात लागत. बाजार, चर्च, धक्का सगळं हाकेच्या अंतरावर. पुढे जहाजं मोठी होत गेली, नदी पुरेना, आणि बोटींचा धक्का सरकत सरकत नदीच्या मुखाजवळ ट्रावेमुंडेला गेला. स्कांडिनाविएनकाय हे आज युरोपातल्या मोठ्या रो-रो बंदरांपैकी एक आहे. रो-रो म्हणजे वाहन चाकांवरच बोटीत चढवा आणि चाकांवरच उतरवा. त्यामुळे इथली सगळी रचना चाकांसाठी आहे. पायी येणारा माणूस चालतो, पण गृहीत धरलेला नाही. आम्हा सात-आठ पायी प्रवाशांना टर्मिनलवरून एका बसमध्ये बसवलं आणि ती बस कंटेनरांच्या गल्ल्यांतून वळणं घेत थेट जहाजाच्या पोटात शिरली. मामा म्हणाले, ‘‘आपणही मालच!’’

आता घरची गोष्ट. दर गणपतीला कोकणात बोटीने जायचा विषय निघतो. 2025 मध्ये मुंबई–जयगड–विजयदुर्ग रो-रोची घोषणा झाली, तेव्हा माझ्या सगळ्या चुलत-मामे भावंडांनी गाडी बोटीत घालून न्यायचे बेत केले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो 2020 पासून आहेच. तासाभरात गाडीसकट पलीकडे. दुसरीकडे कुलाब्यात गेटवेजवळ, रेडिओ क्लबपाशी नवी जेट्टी बांधायला रहिवाशांचा विरोध, कोर्टकज्जे. त्यांचं म्हणणं साधारण असं, की ही पुरातन वास्तूशेजारची गर्दीची जागा, बोटी दुसरीकडे न्या. म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सुटीच्या दिवशी गेटवेला जो गेलाय त्याला ते कळेल.

पण ‘दुसरीकडे न्या’ म्हणजे काय, ते मी त्या पंधरा मिनिटांत बॅग ओढत शिकलो. ल्युबेकला धक्का लांब न्यावाच लागला, कारण जहाजं नदीत मावेनात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आणि कॅटामरान एवढ्या मोठ्या नाहीत. त्या शहराच्या दाराशी लागतात. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून टॅक्सीने, नाहीतर सरळ चालत जाता येतं. आणि पलीकडे? अजंठा, मालदार, पीएनपी, कुणाचंही तिकीट काढा, मांडव्याहून अलिबागची बस त्याच तिकिटात. बोट लागली की बस उभी. ही सोय आम्ही इतकी गृहीत धरतो की तिला सोय म्हणत नाही. मी बारा वर्षं मामांना ‘सगळं जोडलेलं’ असा उपदेश केला, आणि त्या काळात मामा दर आठवड्याला तेच जोडलेलं तिकीट काढून मुंबईला जात-येत होते.

एका बाबतीत मात्र इकडचं कौतुक थांबवणार नाही. युरोपात वीस सागरी मैलांहून लांबच्या फेरीला प्रत्येक प्रवाशाची नावानिशी नोंद लागते. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि आजही नेमका आकडा निरनिराळा सांगितला जातो. डिसेंबर 2024 मध्ये एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली. तेव्हाही लाँचमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि किती चढली होती याचा मेळ लागायला वेळ लागला. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती, दंड, तपासणी, सगळं झालं. मामांना विचारलं, आता घालतात का? ते म्हणाले, ‘‘घालतात. फोटो काढून होईपर्यंत.’’

म्हणून मला तरी वाटतं, वाद चुकीच्या जागी चाललाय. किती मोठी बोट, किती गाड्या, किती तासांत विजयदुर्ग, यावर आपण तावातावाने बोलतो. पण विजयदुर्गला उतरलेला, गाडी नसलेला माणूस तिथून देवगडला कसा जाणार, त्याच्यासाठी एसटी थांबेल का, हे कुणी विचारत नाही. पूर्वी कोकणबोटीतून उतरायला खपाट्यात, म्हणजे छोट्या पडावात, उडी मारावी लागे. बोट भर समुद्रात उभी आणि किनाऱ्यापर्यंत नेणारा पडाव हलतोय. आजी सांगायची, बोट लागायची ती आधी नाही, त्या उडीच्या भीतीने लागायची. खपाटा गेला, पण तो शेवटचा टप्पा अजून तसाच लोंबकळतोय.

(आणि हेही सांगून टाकतो, की जर्मन लोकही यात फार शहाणे नाहीत. हॅम्बुर्गहून कोपनहेगनला जाणारी रेल्वे पुट्टगार्डनला अख्खी बोटीत चढायची. मी तिने गेलोय. डब्यातून उतरून डेकवर कॉफी प्यायची, पुन्हा डब्यात. 2019 मध्ये ते बंद झालं. आता तिथे समुद्राखालून बोगदा होतोय, तोवर गाडी लांबून वळसा घेऊन जाते.)

रात्री दहाला बोट सुटली तेव्हाही आकाशात उजेड होता. ट्रावेमुंडे गावाच्या इतक्या जवळून ती जाते की किनाऱ्यावरच्या लोकांचे चेहरे दिसतात. डाव्या हाताला 1539 चा जुना दीपस्तंभ, उजवीकडे कायमचं नांगरलेलं ‘पासाट’ हे शिडाचं जहाज. त्याच्या थोडं आधी एक बुटकी, सपाट फेरीबोट आमच्यासाठी थांबून राहिली होती. चार-पाच गाड्या, सायकली आणि बाकी सगळी उभी माणसं. नदी ओलांडून प्रीवालला जाणारी.

मामांनी तिला एकदम ओळखलं. ‘‘ती बघ, दाभोळची जंगलजेट्टी! हिच्यापर्यंत स्टेशनपासून किती चालावं लागतं?’’

‘‘पाच-सात मिनिटं.’’

‘‘मग उतरताना आपण हिनेच येऊ,’’ म्हणाले, आणि मामींना बोलवायला आत गेले. तिने स्वीडनहून येता येत नाही, हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही.